दंड आणि राजदंड

तुळशीची लग्नं लागली की आमच्या ऑफिसातल्या बायकांच्या गप्पांमध्ये दोनच विषय उरतात. कुणाची सुट्टी मंजूर झाली, आणि स्लीव्हलेस ब्लाऊज. दुसऱ्या विषयाला लागूनच "दंड सुटलेत गं" हे वाक्य येतं. मग उपायांची यादी सुरू होते. सकाळी गरम पाणी आणि लिंबू, रात्री जेवण बंद, पंधरा दिवसांचं कसलं तरी चॅलेंज. त्यात मी मध्येच "वजनं उचल" असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नको बाई, पैलवान दिसेन!"

हे उत्तर टेस्टिंगमधली तेवीस वर्षांची मुलगी देते आणि एचआरमधली पंचेचाळिशीची मॅडमही देते. गंमत म्हणजे जिममधला ट्रेनरसुद्धा न बोलता तेच उत्तर देतो, कारण बाई समोर आली की तो दीड किलोची गुलाबी जोडी हातात ठेवतो आणि पंचवीस-तीस रिपिटिशन्स सांगून मोबाईल बघायला निघून जातो.

आता आमच्या धंद्यात एक नियम आहे. एकच बग तीन वेगवेगळ्या टीम्सच्या कोडमध्ये जसाच्या तसा सापडला, तर तो कुणालाच स्वतंत्रपणे सुचलेला नसतो. कुठून तरी कॉपी-पेस्ट झालेला असतो. मग जुन्या व्हर्जन्स उकरत मागे जायचं, पहिली एन्ट्री सापडेपर्यंत. मागचे काही शनिवार-रविवार मी तेच केलं.

माग लागला तो थेट १८३६ सालच्या लंडनपर्यंत, आणि गंमत म्हणजे तिथे आपलाच मुद्गल भेटला.

झालं असं की हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज शिपायांनी इथल्या आखाड्यांमध्ये मुद्गल फिरवणारे पैलवान पाहिले आणि तो व्यायाम उचलून घरी नेला. तिकडे त्याला 'इंडियन क्लब' म्हणू लागले. डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकाने १८३४ मध्ये पुरुषांसाठी व्यायामाचं पुस्तक काढलं, ते चांगलं चाललं. मग त्याने स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात मुद्गलाची हलकी, नाजूक आवृत्ती होती. तिचं नाव 'इंडियन सेप्टर', म्हणजे राजदंड! दंड सुडौल करायला राजदंड. (हा विनोद वॉकरला कळला नसता, पण आपल्याला कळतो.) घोडेस्वारीने बाईचा कमरेखालचा भाग बिघडतो, असंही याच गृहस्थाचं मत होतं. म्हणजे व्यायाम करायचा, पण केल्याचं दिसता कामा नये.

इथे एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वॉकर ज्या शहरात हे लिहीत होता, त्याच शहरात हजारो बायका दिवसभर ओल्या चादरी हाताने पिळत होत्या, कोळशाच्या बादल्या जिन्यावरून वर नेत होत्या. त्यांचे दंड जाड होतील म्हणून कुणी पुस्तक लिहिलं नाही. आपल्याकडेही पहाटे जात्यावर पायली-पायली दळणाऱ्या, मुसळाने कांडणाऱ्या, विहिरीवरून डोक्यावर दोन आणि कमरेवर एक असे हंडे आणणाऱ्या बाईला "अगं, पैलवान होशील" असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ही भीती ज्यांना वजन उचलावं लागत नव्हतं त्यांच्यासाठीच होती. पांढरपेशी भीती! वजन उचलणं हे मोलकरणीचं काम, तेव्हा दंडावर ते दिसलं तर पंचाईत. दंडावर वाकी दिसावी, स्नायू नको.

मग ही एन्ट्री अमेरिकेत गेली. तिथे १८६० च्या आसपास दोन माणसांचं जुंपलं होतं. एक जॉर्ज विंडशिप, डॉक्टर, 'ताकद म्हणजेच आरोग्य' अशी व्याख्यानं देत अफाट वजनं उचलून दाखवणारा. दुसरा डायो लुईस. त्याने लोखंडी डंबेल्स मोडीत काढून लाकडी आणले, १८६२ मध्ये 'नवीन जिम्नॅस्टिक्स'चं पुस्तक काढलं आणि पुढे मुलींची शाळाही काढली. लुईसला मी नावं ठेवणार नाही. मुलींनी कॉर्सेट सैल करावेत, हातपाय हलवावेत, असं तो उघडपणे सांगायचा, आणि त्या काळात तेही खूप होतं. पण जड वजनं नकोत यावर तो ठाम होता. पुढे १८७६ मध्ये विंडशिप अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. झालं! "बघा, म्हणत नव्हतो?" म्हणायला लोक मोकळे. एका माणसाच्या मृत्यूवरून अख्खी पद्धत बाद झाली, आणि लाकडाचा हलका डंबेल शाळाशाळांमधून पक्का बसला. आपल्या ट्रेनरची गुलाबी जोडी ही त्याचीच पणती.

यानंतर आला युजेन सँडो. ज्याच्या नावाने आपण बिनबाह्यांच्या बनियनला 'सँडो' म्हणतो, तोच. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात दौऱ्यावर आला होता, पण त्याची पुस्तकं आणि साहित्य त्याच्याआधीच पोचलं होतं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोचं सगळं साहित्य मागवून दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले, मुलींनासुद्धा. राणीसाहेबही घालत. आता नमस्कारात काय असतं? स्वतःच्या शरीराचं वजन दंडाच्या मागच्या स्नायूवर, म्हणजे ट्रायसेप्सवर पेलून खाली जायचं आणि परत वर यायचं. पन्नास किलोच्या मुलीने ते केलं तर तिच्या हातांवर दीड किलोपेक्षा बरंच जास्त वजन येतं, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण त्याला 'वजन उचलणं' म्हणत नाहीत म्हणून ते चालतं. लेबल बदललं की टेस्ट पास!

आता या सगळ्या इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. ॲबी स्टॉकटन. जन्म १९१७, कॅलिफोर्निया. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून वडिलांनी 'पजी' म्हणायला सुरुवात केली, ते नाव जन्मभर चिकटलं. शाळा संपल्यावर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. आठ तास खुर्चीत, कानाला हेडफोन, समोर बोर्ड. ओळखीचं वाटतंय ना? व्हायचं तेच झालं, वजन वाढायला लागलं. तिच्या मित्राने, लेस स्टॉकटनने, तिला डंबेल्स आणून दिले. (पुढे तिने त्याच्याशी लग्न केलं. लाल गुलाबापेक्षा ही भेट बरी, असं माझं मत आहे.)

दोघं सँटा मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर कसरती करायला जाऊ लागली. 'मसल बीच' म्हणतात ती हीच जागा. १९४० च्या दशकात पजीचे फोटो अमेरिकेतल्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होते. नवऱ्याला डोक्यावर तोलून धरलेली, हसणारी, जेमतेम बावन्न किलोची बाई! ते फोटो बघा म्हणजे कळेल. दंड गोल, घट्ट, रेखीव. आज आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकीला हवे असतात अगदी तसे. आणि पैलवान? कुठल्याही कोनातून नाही.

१९४४ पासून जवळजवळ दहा वर्षं तिने 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' या मासिकात बायकांसाठी सदर चालवलं. सदराचं नाव 'बार्बेल्स', शेवटच्या 'बेल'चं स्पेलिंग सुंदरी या अर्थाचं करून. त्यात ती वजनं उचलणाऱ्या साध्यासुध्या बायकांच्या हकिकती फोटोंसकट छापायची. युक्तिवाद कमी, पुरावे जास्त. फेब्रुवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला बायकांची वेटलिफ्टिंग स्पर्धा भरली, अधिकृत मान्यता असलेली तिकडची पहिली. ती भरवण्यातही तिचा हात होता. त्या दिवशी तिने क्लीन अँड जर्कमध्ये १३५ पौंड उचलले, म्हणजे सुमारे ६१ किलो. स्वतःच्या वजनापेक्षा नऊ-दहा किलो जास्त.

म्हणजे बघा, "वजनं उचलली की बाई जाडजूड होते का?" या प्रश्नाचं उत्तर १९४७ मध्ये फोटोसकट छापून आलेलं होतं. बग क्लोज व्हायला हवा होता. मग तो परत ओपन कसा झाला?

ते सांगण्याआधी एक छोटंसं वळण. अशीच एक भीती पुरुषांच्या बाबतीतही होती. वजनं उचलली की स्नायू आखडतात, माणूस ठोकळा होतो, चपळाई जाते, असं भलेभले कोच मानायचे. स्प्रिंगफील्ड कॉलेजातले पीटर कारपोविच हे प्राध्यापक त्यांच्यातलेच. १९४० मध्ये त्यांच्यासमोर जॉन ग्रिमेक नावाच्या भल्या थोरल्या शरीरसौष्ठवपटूचं प्रात्यक्षिक झालं. कारपोविचनी खवचटपणे विचारलं, हा स्वतःची पाठ तरी खाजवू शकतो का? ग्रिमेकने खाजवली. वर पाय फाकवून जमिनीला टेकवूनही दाखवले. कारपोविच खरे शास्त्रज्ञ निघाले. एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी ६०० जणांच्या हातांचा वेग मोजला, निम्मे वजनं उचलणारे आणि निम्मे न उचलणारे. १९५१ मध्ये निकाल छापला: वजनं उचलणाऱ्यांचे हात जास्त वेगाने फिरत होते. पुरुषांच्या भीतीचा पाया असा मोजमाप करून उखडला गेला. बायकांच्या बाबतीत मोजमाप करायची तसदी फार कुणी घेतली नाही, आणि तेवढ्यात एक वेगळीच गोष्ट मध्ये आली.

ती गोष्ट म्हणजे गोळी.

टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. १९५८ मध्ये डायनाबॉल हे स्टेरॉईड अमेरिकेच्या बाजारात आलं. १९७४ नंतर पूर्व जर्मनीत तर खेळाडूंना अशी औषधं देण्याची सरकारी योजनाच झाली, आणि त्यात शाळकरी वयाच्या मुलीही होत्या. कित्येकींना ती जीवनसत्त्वं म्हणून दिली गेली. रुंद खांदे, घोगरे आवाज. सगळ्या जगाने टीव्हीवर ते पाहिलं, आणि कारण कुणाला माहीत नसल्यामुळे जे दिसत होतं त्यालाच कारण ठरवलं: व्यायाम. बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रं बाहेर आली, खटले चालले, पण तोवर चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्याच सुमारास बायकांच्या शरीरसौष्ठव स्पर्धाही सुरू झाल्या. १९८० ची पहिली मिस ऑलिंपिया रेचल मॅक्लिश बघितलीत तर ती पजीच्या जवळची वाटते. १९९० च्या दशकातल्या विजेत्या बघा, तो वेगळाच प्रकार आहे, आणि तो फरक नुसत्या डंबेल्सनी पडत नाही. १९८५ च्या 'पंपिंग आयर्न २' या माहितीपटात तर परीक्षकच बाईने किती स्नायू कमवलेले चालतील यावर वाद घालताना दिसतात. सगळ्यात भारी स्नायू असलेली ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस आठवी आली. स्पर्धा स्नायूंची, पण फार नकोत! वॉकरसाहेब दीडशे वर्षांनी परीक्षकाच्या खुर्चीत येऊन बसले म्हणायचे.

तर बग परत ओपन झाला तो असा. लोकांनी गोळीचा परिणाम पाहिला आणि त्याची नोंद डंबेलच्या नावावर केली.

शरीरशास्त्राचं म्हणाल तर ते फार गुंतागुंतीचं नाही. पुरुषाच्या रक्तात बाईच्या साधारण पंधरा पट टेस्टोस्टेरॉन असतं. त्यामुळे बाईची ताकद व्यायामाने भरपूर वाढते, पण आकार त्या मानाने कमी. शिवाय स्नायू वाढवणं हे किती जिकिरीचं काम आहे ते आमच्या टीममधल्या मुलांना विचारा. दोन-दोन वर्षं अंड्यातला पिवळा बलक फेकून पांढरं खातायत, दंड आहेत तिथेच आहेत. त्यांना प्रयत्न करून जे जमत नाही ते आपल्याला चुकून होईल ही भीती म्हणजे दोन ड्रायव्हिंग लेसन्सनंतर "चुकून फॉर्म्युला वन जिंकले तर?" असं म्हणण्यासारखं आहे.

'टोनिंग' या शब्दाचंही एकदा बघून घेऊ. दंड लोंबतो म्हणजे दोन गोष्टी झालेल्या असतात. आतला स्नायू लहान झालेला असतो आणि वरची चरबी वाढलेली असते. (वजन खूप उतरलं असेल किंवा वय झालं असेल तर कातडीही सैल पडते, त्याला डंबेलकडे इलाज नाही.) स्नायू वाढवता येतो. चरबी कमी करता येते, पण फक्त दंडावरची निवडून नाही. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळलेली माणसं, प्रयोगाला याहून चांगलं काय मिळणार? खेळायचा हात स्नायूंमुळे जाड होता, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. लाखो फटके मारूनही त्या हाताची चरबी वेगळी अशी वितळली नाही. तेव्हा दीड किलोच्या जोडीने शंभर वेळा हात हलवून दंडाची चरबी जाते, हे कुणी सांगितलं तर त्याला हे सांगा. ती जोडी स्नायूला काही मागतच नाही, मग स्नायू देणार काय? आठ-दहा वेळा उचलल्यावर पुढचं जड जाईल एवढं वजन हवं, आणि ते हळूहळू वाढवायला हवं. पजी तेच सांगत होती.

इथपर्यंत हा विषय लग्न आणि ब्लाऊजचा होता, आणि तेवढाच असता तर मी दोन हजार शब्द खर्च केले नसते.

मागच्या पावसाळ्यात माझी आई बाथरूममध्ये घसरली. फार जोरात नाही. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. वय एकोणसाठ. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लावली, रिपोर्ट चांगला नव्हता. प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टने हळूहळू वजनं उचलायला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अहो, या वयात कसली वजनं? आणि बरं दिसतं का ते?" बरं दिसतं का! एकोणसाठाव्या वर्षी, मोडलेल्या हाताने, प्रश्न हा. तिच्या आईने जन्मभर जात्यावर दळलं. आईच्या वाट्याला गिरणी आली, मग मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, आणि येऊ देत की, ते कष्ट परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण जात्याची जागा हातासाठी दुसऱ्या कशानेच घेतली नाही. घेऊ शकलं असतं ते "शोभत नाही" म्हणून दूर राहिलं.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने यावरच एक प्रयोग केला, त्याचे निकाल २०१७ च्या सुमारास आले. पाळी गेलेल्या, हाडं कमकुवत झालेल्या शंभरेक बायका. निम्म्यांना घरी हलका व्यायाम, निम्म्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास खरोखरची जड वजनं: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बारबेल. आठ महिन्यांनी जड वजनवाल्या बायकांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली होती, आणि हलक्या व्यायामवाल्यांची एका टक्क्याहून थोडी जास्त घटली होती. ('देखरेखीखाली' हा शब्द वाचलात ना? उद्याच आईला घेऊन बारबेलखाली उभं करू नका.) दुसऱ्या गटाच्या हातात काय होतं ते परत वाचा. आपल्या ओळखीचंच आहे.

जाता जाता ऑलिंपिकचं. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होतं. बायकांचं २००० साली सिडनीत आलं, तब्बल १०४ वर्षांनी, आणि त्याच वर्षी आपल्या कर्णम मल्लेश्वरीने २४० किलोंचं कांस्यपदक आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. आणि मग मीराबाई चानू. तिचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे २०२१ मधला तिचा वजनगट. ४९ किलो. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला आणि जुलैमध्ये टोकियोत रौप्यपदक. स्वतःच्या जवळजवळ अडीचपट वजन डोक्यावर घेणारी बाई, आणि तरी तेव्हा स्पर्धेआधी काट्यावर ४९ च्या आतच. आमच्या एचआरच्या मॅडमना मी हा आकडा सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापेक्षा एकवीस किलोंनी कमी!"

आईचं चाललंय. सध्या तीन किलो. परवा फोनवर म्हणाली, गव्हाचा डबा आता स्वतःच खाली उतरवते, बाबांना हाक मारत नाही. बाबांना याचं थोडं वाईट वाटलेलं दिसतंय.